मान्य म्हणेपर्यंत

ताई नोकरीसाठी परगावी गेली. पण ते घडलंच नाही असं समजा, कारण मी अजून 'मान्य' म्हटलेलं नाही. आम्ही बहीणभाऊ जमवलेल्या पत्त्यांनी जो लढाईचा खेळ खेळतो, त्यात नियमच तसा आहे. समोरचा 'मान्य' म्हणेपर्यंत टाकलेलं पान लागू होत नाही आणि तोवर त्यावर 'रद्द'चं पान टाकता येतं.

म्हणून मी तिच्या भरलेल्या बॅगेवर 'रद्द' ठेवलं. ताईने पर्समधून स्वतःचं 'रद्द' काढून माझ्या पानावर टाकलं. माझं रद्द करणंच रद्द झालं. मी दुसरं टाकलं, तिनेही टाकलं.

"संपली तुझी पानं. आता म्हण मान्य."

"विचार करतोय. विचाराला वेळेचं बंधन नाही."

"शहाण्या, खाली टॅक्सीवाला खोळंबलाय. रेल्वे चुकेल माझी."

"तो या खेळात नाही."

तिने माझे केस विस्कटले आणि बॅग उचलली. दारात ती माझ्याकडे बघत थांबली. मी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो. मग ती गेली.

रेल्वेच्या संबंधित अधिकाऱ्यांस विनंती, की प्रस्तुत खेळाडू 'मान्य' म्हणेपर्यंत सदर गाडी फलाटावरच उभी ठेवण्यात यावी.