नळाला नळ म्हणा

"फक्त नाव सांगायचं," चित्रांची कार्डं हातात घेऊन डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं. मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये समोर बायकोसोबत बसलेल्या पेशंटला जागं ठेवून हीच चित्रं दाखवणार होते, म्हणजे बोलण्याला कुठे धक्का लागतोय ते लगेच कळणार होतं. आज त्याची तालीम होती. पण आयुष्यभर घरोघरी दुरुस्त्या केलेल्या माणसाला सांगणार कोण! नळाचं चित्र पाहून म्हणाला, "वॉशर गेलाय." खुर्ची दाखवली, तर "मागचा पाय डुगडुगतोय." बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्हाला इथे कामाला बोलावलंय का? नळाला नळ म्हणा आणि मोकळे व्हा!" "मोडलेलं दिसलं तरी गप्प बसायचं?" "हो, गप्प बसायचं!" पुढचं चित्र छत्रीचं होतं. तो बघत राहिला. ओठ हलले, शब्द फुटेना. त्याने घाबरून बायकोकडे पाहिलं. तिने छत्रीवर बोट ठेवलं. "बघा, काडी मोडलीये ना हिची? अहो, बोला ना!"