घरपट्टीपुरती मावशी

"कुणी विचारलं तर 'मी याची मावशी' असं सांगायचं. भाड्याचं नाव काढायचं नाही." खालच्या खोलीत राहणाऱ्या कुंभारेबाईंना हेमंतने सकाळीच पढवून ठेवलं होतं. घरात भाडेकरू सापडला की घरपट्टी वाढते. सगळे घरचेच राहत असतील तर सवलत मिळते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी पालिकेचा माणूस तपासणीला आला. बाईंनी प्लास्टरमधला हात पदराआड घेतला आणि डाव्या हाताने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"हाताला काय झालं, मावशी?"

"मोरीत पाय घसरला हो. पहाटेची वेळ, उठता येईना. याला हाक मारली, तर पोरगं अनवाणीच धावत आलं. दवाखान्यातही यानंच नेलं. पोटचा मुलगा तरी आणखी काय करतो?"

हेमंतची मान खाली गेली. त्या पहाटेची हाक त्याने ऐकली होती. पुन्हा नळाच्या पाण्याची कटकट असेल, म्हणून डोक्यावरून पांघरूण ओढून तो कुशीवर वळला होता. बाईंना उचललं होतं ते दूधवाल्याने.

"नशीबवान आहात, मावशी," असं म्हणत पालिकेच्या माणसाने सवलत मान्य केली आणि तो निघून गेला.

हेमंत उंबऱ्यातच घुटमळला. "बाई, त्या दिवशी..." एवढंच कसंबसं त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

बाईंनी तांब्या उचलला, पदर सावरला आणि हलक्या आवाजात विचारलं,

"बरोबर बोलले ना मी, मालक?"