सोळापासून खाली

ताईने आणि मी एकाच संगणक केंद्रात तीस वर्षं काढली. फरशीखालच्या गुंत्यात आपली तार ओळखायला ती पलीकडून दोनदा ओढायची, मग मीही दोनदा ओढायचे.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघींच्या घरची मशीनं नेटवर्कने जोडली. वाट शोधणारा राउटिंगचा प्रोग्रॅम मीच बसवला. ताई गेली, तरी तिच्या मशीनची ओळ त्यातून काढवेना. आज दुपारी मन घट्ट करून बसले.

तिच्या नावापुढे सोळा होते. आकडा तिच्या मशीनपर्यंतच्या टप्प्यांचा, सोळा म्हणजे वाटच उरली नाही.

बघता बघता पंधरा झाले. मग चौदा. तुटलेल्या वाटेचा आकडा चढतो. उतरताना मी जन्मात पाहिला नव्हता.

भाचीला फोन केला. "आईचं मशीन चालू केलंस का गं?"

"मावशी, ते केव्हाच भंगारात दिलं. जेवलीस का, की बसलीस पुन्हा त्या डबड्यापुढे?"

तीन दिसले तेव्हा मी फोन टाकला आणि माझ्या मशीनची नेटवर्कची तार उपटली.

दोन.

एक ओळ खोडली की संपलं असतं. बोट उचलेना.

एक. म्हणजे आमच्यात फक्त एक तार.

ती माझ्या मुठीत होती. तिला दोन हिसके बसले.