सातवी वस्तू

सहा वस्तू सांगून झाल्या होत्या आणि मासिकातून आलेली मुलगी जांभई ओठांतल्या ओठांत दाबत होती. दर महिन्याला एका नामवंताच्या सात आवडत्या गोष्टी छापायच्या, असं तिचं सदर. या खेपेला पाळी फर्निचरवाल्या साहेबांची होती. साहेबांनी एका अंध गायकाची रेकॉर्ड सांगितली, कुठल्याशा संग्रहालयाचा जिना सांगितला, एक पितळी किटली, टपाल तिकिटावरचा एक बगळा. सगळं चांगलंच होतं, पण जिना तिनं याआधी दोघांकडून तरी ऐकलेला असावा.

दाराशी साहेबांच्या कारखान्यातला मिस्त्री स्टूल घेऊन उभा होता. साठीचा माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, गालावर ताजी दाढी करताना कापल्याचा ओरखडा. काल साहेब त्याला म्हणाले होते, "मिस्त्री, सातवं तुमचं स्टूल. नावानिशी सांगतो." ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. साहेबांची प्रत्येक गाजलेली खुर्ची याच्या हातून उतरली होती आणि एकीवरही याचं नाव नव्हतं. त्याची त्याला तक्रार नव्हती. नकाशा साहेबांचा, तेव्हा खुर्चीही साहेबांचीच. पण या स्टुलाला नकाशा नव्हता. ते त्यानं स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या आईसाठी केलं होतं. बायकोला सांगून झालं होतं, सासरी मुलीला फोन करून झाला होता.

"आणा इकडे," साहेब म्हणाले.

मिस्त्रीनं स्टूल खिडकीपाशी उजेडात ठेवलं. चार पाय, एकही खिळा नाही. बैठक उजवीकडे, पुढच्या अंगाला जराशी उतरलेली. मुलगी वही बाजूला टाकून उठली, सरळ जमिनीवर बसली आणि बैठकीवरून तळहात फिरवू लागली. तासाभरात पहिल्यांदाच तिला काहीतरी आवडलं होतं.

"सर, हे कुठं सापडलं तुम्हाला?"

साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे. स्टूल आमच्याच सुताराचं म्हटलं असतं तर हा चेहरा पुन्हा जांभईवर आला असता. एवढं ओळखायला साहेबांना वेळ लागला नाही. त्या बाबतीत माणूस फार हुशार.

"जुन्या बाजारात," ते म्हणाले. "भंगाराच्या ढिगाखाली. कुणी केलंय, देव जाणे. असेल कुणीतरी अनाम कारागीर. एव्हाना गेलाही असेल बिचारा."

मिस्त्रीला वाटलं, साहेब थट्टा करतायत. आता हसतील आणि आपल्याकडे बोट दाखवतील. तोही हसायच्या तयारीनं उभा राहिला.

"आणि हा उतार कशासाठी, सर?"

"कशासाठी नाही. चूक आहे ती." साहेबांना आता रंग चढला होता. "हात घसरला असणार गड्याचा. पण त्या चुकीनंच वस्तूत जीव आलाय बघा. आपल्यासारखी शिकलेली माणसं अशी चूक करूच शकत नाहीत."

मुलगी भराभर लिहून घेत होती. साहेब लिहिणाऱ्या हाताकडे पाहत थांबत थांबत बोलत होते.

चूक नव्हती ती. म्हातारीचा उजवा गुडघा वाकत नसे. त्या अंगाला बैठक दोन बोटं उतरती ठेवली की तिला कुणाचा हात न धरता उठता यायचं. मिस्त्रीनं चारदा बैठक तासली होती, दर वेळी आईला बसवून, उठवून. पाचव्यांदा ती आपली आपण उठली, मोरीपर्यंत चालत गेली आणि तिथूनच ओरडली, "जमलं रे!" हे सगळं मिस्त्रीच्या ओठांवर आलं. पण पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. तीस वर्षं तो याच पाण्यात होता, आणि गेल्या वर्षी जावयालाही त्यानंच इथं चिकटवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि आईचीही आठवण नको झाली.

मुलीनं मान वर केली. "काका, तुम्ही सुतारकामच करता ना? असं स्टूल आज कुणाला करता येईल?"

मिस्त्रीनं साहेबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" साहेब गोड आवाजात म्हणाले. "सांगा की. तुम्हाला जमेल?"

खाली कारखान्यात रंधा चालू होता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "मला नाही जमायचं, ताई. असं करणारी माणसं आता राहिली नाहीत."

"बघा! मी काय म्हणत होतो?" साहेबांनी मांडीवर थाप मारली.

मुलगी तर एकदम खूश झाली. "हे मी चौकटीत टाकते. खुद्द सुतारच म्हणतायत म्हटल्यावर वजन येईल त्याला. काका, तुमचं नाव सांगा. छापायचंय."

मिस्त्रीनं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मग पुढं होऊन तिच्या वहीत डोकावला. वडिलांचं नाव तिनं एका अक्षरावर भागवलं होतं.

"तेवढं पूर्ण घाला, ताई," तो म्हणाला.