कोणाला भेटायचं

अकरा मिनिटं झाली, माळाचा एक पण पक्षी नाही.

ऋता ट्रकच्या पार्किंगमध्ये उभी होती. हातात पॅड, पॅडवर फॉर्म. चिंचवडला शाळेत शिकवते, सुट्टीत पक्षी मोजते. सहा वर्षांपूर्वी इथं माळ होता, तेव्हा पक्षीगणनेच्या नकाशावर सात नंबरचा ठिपका इथं पडला. आता कंपनी आली, पेव्हर ब्लॉक आले. तरी ठिपका हलवायचा नाही. तिथंच पंधरा मिनिटं उभं राहायचं आणि दिसेल, ऐकू येईल ते लिहायचं.

"सेकंड शिफ्टला असतील, मॅडम," गेटवरचे कोंडाजीमामा म्हणाले. "शेडमधी पन्नास कबुतरं हायत. ती लिवा की."

"कबुतर वस्तीच्या रकान्यात जातं, मामा. मला माळाचा पाहिजे. दोन वर्षं शून्य आलाय. यंदा पण आला, की ही जागा माळरानाच्या यादीतून जाणार. औद्योगिक होणार."

"जाणार म्हंजे? कवाच गेली की."

"भिंतीपलीकडं दहा एकर गवत आहे अजून. यादीत आहे तोवर त्याला कोणीतरी विचारतं."

मामा पाण्याच्या टँकरमागं गेले.

बाराव्या मिनिटाला तितर बोलला. खणखणीत, एकदम जवळून. ऋतानं झटक्यात लिहिलं. माळरान, तितर, आवाज, एक. मग मान वर केली. झुडूप नाही, गवत नाही, आणि तितर टँकरमागं?

मामा ओठ पुसत बाहेर आले. टोपी सरळ केली.

"ऐकला का?"

ऋतानं एकावर काट मारली. कागद फाटला. "असलं करू नका, मामा. माझी सहा वर्षं खोटी पडतील. आवाज काढून बोलवायचं पण नसतं. तो आपणहून बोलला तरच लिहायचं."

"बरं."

ती चिडलेलीच होती, तरी विचारलं, "शिकलात कुठं?"

मामांनी बुटांकडं बघितलं. "हितंच. एक बोलला की दुसरा भांडाया येतो. आमी आवाज काढायचो, त्यो यायचा, जाळ्यात पडायचा. खाल्ले. इकले बी." मग म्हणाले, "बोलावलं आन् आला न्हाई, असं कधी झालं न्हाई."

दीड मिनिट उरलं होतं. ऋताला जागा सोडता येत नव्हती. तिनं पेनानं भिंत दाखवली.

"तिकडं तोंड करून काढा."

"नियमात बसतं?"

"नाही."

मामा भिंतीपाशी गेले. दोन्ही हात तोंडाला लावले. तीनदा बोलावलं. मागं एक फोर्कलिफ्ट रिव्हर्स घेत पीं पीं करत राहिली. मोबाइलचा अलार्म वाजला. पंधरा मिनिटं संपली.

ऋतानं शून्य लिहिलं.

गेटवर रजिस्टर उघडं होतं. नाव, गाडी नंबर, कोणाला भेटायचं. सकाळी आत येताना तो रकाना मामांनीच भरला होता. वाकड्या अक्षरात 'तितर'. तिनं बाहेर जायची वेळ टाकायला पेन टेकवलं.

मामा अजून भिंतीकडं कान करून उभे होते.

"येळ टाकू नका," ते म्हणाले. "थांबा जरा."