सरकत्या भिंती

“पोरी, मी हिच्या खोलीत बसलो की स्वयंपाकघर आकसतं, आणि भात लावायला उठलो की ही खोली आकसते,” सामंतकाका चिडून म्हणाले. “एकटा माणूस दोन्हीकडे कसा बसणार? थांबव ना तुझ्या भिंती!”

काकू गेल्या तेव्हापासूनचं हे. ज्या खोलीत वावर नाही ती वसाहतीच्या भिंती सरकून सरकून लहान करत आणि तेवढी जागा शेजारच्या अडलेल्या घराला देत. त्या बनवल्या होत्या इंजिनिअर मृदुला देवस्थळीने. तिच्यामुळेच शहरात आता कुणी उघड्यावर झोपत नव्हतं.

तिने भिंतीला कान लावला. पलीकडे तान्हं बाळ रडत होतं.

“त्याच्या पाळण्याला जागा हवी, काका. नाही थांबवता येणार.”

काकांनी काकूंचं शिलाई मशीन दाराबाहेर ओढलं.

मृदुलाचा सगळा दिवस असा लोकांच्या घरी जाई. आई गेल्यापासून तिच्या स्वतःच्या घरात कुणाचा वावर असा नव्हताच. संध्याकाळी तिने कुलूप काढलं, चपला बाहेरच ठेवल्या आणि रोजच्यासारखी तिरकी होऊन, अंग चोरून आत शिरली.