विटेची ऊब

वरकुट्याहून आणलेल्या अबरारच्या पायांवरच्या पट्ट्या सोडल्या आणि डॉक्टर निगडे मॅडमचा पारा चढला. उसाच्या ट्रॉलीवरून पडून मणका मोडल्यापासून त्याला कमरेखाली काही कळत नव्हतं, आणि दोन्ही टाचा तर भाजून सोललेल्या.

"चाँदबी, पाय शेकू नका म्हणून कितीदा बजावलं? त्याला चटका बसलेला कळत नाही!"

"कळतंय की!" त्याची आई ठासून म्हणाली. "ऊब लागती म्हणतोय त्यो. म्हणून तर रोज वीट जरा जास्तच तापवती."

मॅडम चपापल्या. खरंच पायात जाणीव परतत असली तर? त्यांनी टाचणी घेतली. "अबरार, डोळे मिट. टोचलं की सांग."

चाँदबीनं उशाशी येऊन लेकाचा हात गच्च धरला आणि कानात प्राण आणून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"व्हय... टोचलं," अबरार म्हणाला.

"बघा! मी म्हणलं न्हवतं?" चाँदबीचे डोळे भरून आले. "आता दोन विटा तापवती."

मॅडमच्या हातातली टाचणी अजून त्याच्या पायाला टेकलीच नव्हती.